क्वार्टरला गुण कोण देणार?

(बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. रेल्वे आणि टपाल खात्यातल्या माणसाच्या वाट्याला घर बांधणे येते ते निवृत्तीच्या वेळी, तेही आले तर. नोकरीभर तो राहतो दुसऱ्याने बांधलेल्या घरात. कागदावर 'टाइप दोन' असे लिहिलेले असते, किल्ली हातात पडते, आणि मग त्या दोन खोल्यांत पोरे वाढतात, म्हातारी माणसे अंथरुणाला खिळतात, मुलींची लग्ने ठरतात. असे घर चांगले की वाईट हे ठरवायचे कसे आणि ठरवायचे कोणी, एवढाच माझा आजचा विषय आहे. त्यात थोडे गणित येईल. पण काउंटरवर दिवसाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारी माणसे समोर बसलेली असताना बेरीज-गुणाकाराबद्दल माफी मागण्याचे कारण मला दिसत नाही.

आधी माझीच एक चूक सांगतो. मी रेल्वेच्या बांधकाम विभागातला माणूस, म्हणजे आपल्या भाषेत 'वर्क्सवाला'. भिंत, प्लास्टर, गटार, पाण्याची टाकी यांत माझा जन्म गेला. बरोबरीने काही वर्षे शाखेचा सेक्रेटरी होतो. त्या गावाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. एका मार्च महिन्यात आम्हाला सांगण्यात आले की दुरुस्तीचे पैसे आले आहेत, पण सहापैकी दोनच इमारतींना पुरतील. कोणत्या दोन, त्याचा क्रम संघटनेने लावून द्यावा. मला आनंद झाला. एरवी आपल्याला विचारतो कोण? टेप आणि वही घेऊन दोन दुपारी मी सगळी वसाहत फिरलो. तीन नंबरच्या इमारतीत सज्जाचे प्लास्टर पडून सळ्या उघड्या झाल्या होत्या. पाच नंबरला गच्ची गळत होती. सगळ्यात मागे, ओढ्याच्या बाजूला, तळमजल्याच्या घरांची एक रांग होती. तिला नुकताच चुना मारलेला, भिंती स्वच्छ. ती रांग मी सहाव्या क्रमांकावर टाकली.

त्या रांगेत एक ट्रॅकमन राहत होता. त्याची बायको दारात उभी राहून माझे मोजमाप बघत होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही मार्चात आलात. जुलैत या." मी हसलो आणि पुढे गेलो.

जुलैत गेलो तेव्हा भिंत कमरेपर्यंत ओली होती. गादी खुर्चीला टेकवून उभी केली होती, कारण जमिनीवर टाकली की सकाळपर्यंत तिला पाणी सुटायचे. कपाटाच्या मागे काळी बुरशी. त्यांचा चार वर्षांचा मुलगा त्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात राहून आला होता, दम लागतो म्हणून. दिवाळीच्या आत त्यांनी क्वार्टर सोडले आणि गावात खिशातले भाडे भरून एक खोली घेतली. प्रशासनाच्या नावाने ओरडायला मी मोकळा नव्हतो. यादी माझी होती, सही माझी होती.

यादी मी प्रामाणिकपणे केली होती, कोणाचा वशिला लावला नव्हता. मग चुकले कुठे? यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला. प्रत्येक इमारतीत पाच-सहा गोष्टी बऱ्यावाईट होत्या. पाणी, ओल, हवा, उजेड, बांधकामाची मजबुती, जागा. मी त्या सगळ्या डोक्यातल्या डोक्यात एकत्र तोलल्या. आणि माझ्या डोक्यात प्लास्टरचे वजन सगळ्यात जास्त होते, कारण मी प्लास्टरवाला माणूस! डॉक्टर गेला असता तर ओल पहिली आली असती. ते वजन मी कोणाला सांगितले नव्हते, कागदावर लिहिले नव्हते. मला स्वतःलाही ते माहीत नव्हते.

निवृत्तीनंतर मी इथे बंगळूरला मुलीकडे आलो. ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. एकदा तिच्या टेबलावर एक निबंध दिसला. लिथुआनिया देशातल्या विल्नियस शहराचा. तिथे जुन्या सोव्हिएत काळातल्या कामगारांच्या इमारती आहेत. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात झावाडस्कस, काक्लाउस्कस वगैरे अभियंत्यांनी दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर घरांच्या आतले वातावरण मोजले होते. खोलीतली हवा किती वेळा बदलते, दमटपणा किती, तापमान किती, उजेड किती. प्रत्येकाला वजन देऊन त्यांनी घरांचा क्रम लावला होता. मी मुलीला म्हटले, "अगं, मी मार्चमध्ये केलं ते हेच की." ती म्हणाली, "हेच बाबा, पण त्यांनी वजनं लिहून ठेवली." या विद्येला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. अनेक कसोट्या एकाच वेळी लावून निवड करण्याची रीत, एवढाच त्याचा अर्थ.

रीत अशी. आधी कसोट्या ठरवायच्या. मग प्रत्येक घराला प्रत्येक कसोटीवर गुण द्यायचे. मग कोणती कसोटी किती महत्त्वाची ते ठरवायचे, हे झाले वजन. शेवटी गुण आणि वजन यांचा गुणाकार करून बेरीज. याहून पुष्कळ अवघड प्रकार आहेत, पण मूळ हेच.

आता फळ्यावर एक उदाहरण मांडतो. समजा अ, ब आणि क अशा तीन इमारती आहेत. कसोट्या पाच: पाणी, ओल नसणे, हवा, उजेड, जागा. गुण दहापैकी. 'अ' इमारत वरच्या अंगाला आहे. जागा मोठी, उजेड छान, पण नळाला पाणी जवळजवळ नाहीच. तिला पाणी १, ओल नसण्याचे ८, हवा ८, उजेड ९, जागा ९. 'ब' सगळ्यांत मध्यम. पाणी ७, बाकी सगळ्यांत ६. 'क'ला पाणी भरपूर, ९, पण ओल इतकी की तिथे २ च गुण, हवा ४, उजेड ४, जागा ७.

नुसती सरासरी काढली तर अ-ला ७, ब-ला ६.२, क-ला ५.२. म्हणजे पाणी नसलेली इमारत पहिली!

समजा साहेबांनी वजने ठरवली आणि शंभरपैकी ५० जागेला, २० उजेडाला, बाकी तिघांना दहा-दहा दिली. मग अ-ला ८, ब-ला ६.१, क-ला ५.८. अ आणखी पुढे गेली. आता वजने ठरवायला वसाहतीतल्या बायकांना बसवा. त्या पाण्याला ४० देतील, ओल आणि हवा यांना वीस-वीस, उजेड आणि जागा यांना दहा-दहा. गणित करा. ब ६.४, क ५.९ आणि अ ५.४. पहिली इमारत शेवटची झाली. एक वीट हलली नाही, एक गुण बदलला नाही. बदलली ती फक्त वजने.

कोणी म्हणेल, ही फळ्यावरची गंमत आहे. तर या बंगळूर शहराचेच उदाहरण घ्या. केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या १११ शहरांचा 'जगण्याची सुलभता' निर्देशांक काढला. त्यात पुणे पहिले आले आणि बंगळूर ५८ वे. पुढचा निर्देशांक २०२० चा, तो मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यात मोठ्या शहरांमध्ये बंगळूर पहिले आणि पुणे दुसरे! तुम्ही इथे राहता. त्या दोन-तीन वर्षांत तुमच्या नळाला, तुमच्या रस्त्याला, तुमच्या जिन्याला असे काय झाले की शहर अठ्ठावन्नावरून पहिले यावे?

कसोट्या बदलल्या होत्या आणि वजने बदलली होती. २०१८ मध्ये आर्थिक बाजूला शंभरपैकी ५ वजन होते. २०२० मध्ये ते १५ झाले. शिवाय नागरिकांच्या मताला ३० वजन नव्याने आले. २०२० ची बेरीज पाहा. बंगळूर ६६.७०, पुणे ६६.२७. फरक ०.४३ चा. आता आर्थिक कसोटीवर बंगळूरला ७८.८२ गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या दिल्लीला ५०.७३. म्हणजे पुण्याला त्याहून जास्त असणार नाहीत. निदान २८ गुणांचा फरक, वजन १५ टक्के, म्हणजे बेरजेत सव्वाचार गुणांची आघाडी एकट्या आर्थिक बाजूची. ती आघाडी असूनही शेवटी बंगळूर पुढे राहिले ०.४३ नेच. याचाच अर्थ, राहणीमान, टिकाऊपणा आणि लोकांचे मत या तीन बाजू मिळून बंगळूर पुण्याच्या मागे होते. आर्थिक वजन पूर्वीसारखे ५ ठेवले असते आणि उरलेल्यांचे आपसातले प्रमाण तेच राहिले असते, तर पुणे पुढे गेले असते. मी पुण्याचा म्हणून बोलतो असे समजू नका, मी खानदेशातला आहे.

आणि आर्थिक ताकद म्हणजे शहरात फिरणारा पैसा. तो पैसा व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतीत असला काय आणि यशवंतपूरच्या क्वार्टरमध्ये नसला काय, शहराचा आकडा एकच. त्या पहिल्या आलेल्या शहरात मार्च २०२४ मध्ये काय झाले ते तुम्ही भोगले आहे. बोअरवेल कोरड्या पडल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड असा हुकूम निघाला. इथे कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने पंपाने चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला साडेसत्त्याहत्तर कोटी लिटरचा. तो झाला हे चांगलेच झाले. पण जिच्या मजल्यावर पाणी चढत नाही त्या बाईला पहिल्या क्रमांकाचे काय कौतुक?

इथे या सगळ्या बेरजेच्या रीतीतली खरी खोट कळते. बेरीज म्हणते, पाणी नाही तर नाही, उजेड आहे ना? एकीकडचे उणे दुसरीकडच्या अधिकाने भरून निघते, असे ती धरून चालते. काही गोष्टींत ते खरे आहे. स्वयंपाकघर थोडे लहान असेल आणि व्हरांडा मोठा असेल तर माणूस चालवून घेतो. पण उजेड पिऊन तहान भागत नाही. मोठ्या खोलीने पोराचा दमा थांबत नाही.

हे ज्याने नीट ओळखले तो फ्रान्समधला बर्नार्ड रॉय नावाचा गणिती. १९६० च्या दशकात त्याने एक वेगळी रीत काढली. तिच्यात नकाराधिकार आहे. एखादा पर्याय बाकी सगळीकडे कितीही चांगला असो, एका कसोटीवर तो फार खाली गेला तर तो दुसऱ्यापेक्षा सरस धरायचाच नाही. आपल्या रेल्वेवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या रीती पॅरिसच्या मेट्रोने वापरल्या. उपनगरांकडे कोणता मार्ग आधी वाढवावा आणि पुढे कोणत्या स्टेशनांची आधी दुरुस्ती करावी, हे ठरवण्यासाठी. त्यातल्या मार्ग वाढवण्याच्या कामात तर त्याने वजने ठरवण्याचा नादच सोडला. वजनांवर एकमत होणे शक्य नाही, मग वजनांशिवाय किती दूर जाता येते ते पाहू, असे म्हणून त्याने रीत बसवली. स्टेशन म्हणजे तरी काय, रोज लाखो माणसे तासभर राहतात असे घरच.

फळ्यावरच्या उदाहरणात नकाराधिकार लावा. पाणी किंवा ओल यांत ३ पेक्षा कमी गुण असतील ते घर राहण्यायोग्यच नाही, असे ठरवा. अ बाहेर, क-ही बाहेर. उरली ब. आणि अ व क यांची दुरुस्ती कोणत्या गोष्टीपासून सुरू करायची हेही त्याच क्षणी कळले. माझ्या सहाव्या क्रमांकाच्या रांगेला हा नियम लावला असता तर ती पहिली आली असती.

हा नियम नवा नाही. घाबरलेल्या सरकारने तो पूर्वी लावला आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात प्लेग आला. तो हुबळीकडून आला आणि रेल्वेनेच आला. तेव्हा एकाच कसोटीने सगळ्या कसोट्यांना गप्प केले. दाट वस्ती नको, हवा हवी, उजेड हवा. त्या भीतीतून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम उभे राहिले. पुढे छावणीच्या बाजूला फ्रेझर टाउन वसले, तेही उंदरांना घर करायला जागा मिळू नये असा विचार करून. त्या कामावर जे. एच. स्टीफन्स यांनी १९१४ साली प्लेगपासून सुरक्षित नगररचनेवर पुस्तकच लिहिले. तिकडे मुंबईतही प्लेगनंतर १८९८ मध्येच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे ऑर साहेब, खिडकीवर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आकाशाचा उजेड आला पाहिजे, अशा नियमासाठी भांडले. मृत्यू साहेबांच्याही दारात येऊ शकतो असे दिसले की हवा-उजेडाचे वजन वाढते. ओल फक्त तळमजल्याच्या ट्रॅकमनला छळते, म्हणून तिचे वजन कमी.

आज आपल्या क्वार्टरचे मोल कसे ठरते? क्षेत्रफळावर. टाइप क्षेत्रफळावरून, लायसन्स फी त्यावरून. आणि क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता बंद. बंगळूर हे 'एक्स' वर्गातले शहर. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यामुळे जानेवारी २०२४ पासून इथला घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या ३० टक्के झाला. ज्याचा मूळ पगार तीस हजार, तो क्वार्टर घेताना महिन्याला नऊ हजार रुपये सोडतो. कोरड्या घरातला नऊ हजार सोडतो आणि ओल्या घरातलाही नऊ हजारच सोडतो. ही एकनिकष पद्धती!

मुंबईच्या बीडीडी चाळींचे बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे ठरली, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. शंभर वर्षे खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहिलेल्या लोकांना मोठे घर मिळाले, आनंदच आहे. पण इतकी वर्षे चाललेल्या त्या वादात सगळ्यांच्या तोंडी फक्त चौरस फूट होते. उंच इमारतीत लिफ्ट बंद पडली तर म्हाताऱ्याने काय करायचे, देखभालीचा खर्च दरमहा किती, हे कोणत्या रकान्यात लिहिले गेले?

आता आपल्या कसोट्या. पुस्तकातल्या जशाच्या तशा उचलू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत काही मापे आहेत, ती तोंडपाठ करा, बैठकीत उपयोगी पडतात. राहण्याची खोली कमीत कमी साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. उंची पावणेतीन मीटर, नऊ फूट. उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवेत जमिनीच्या एक-दशांश, दमट उष्ण हवेत एक-षष्ठांश. शहरी पाणीपुरवठ्याचे माप माणशी रोज १३५ लिटर. चार माणसांच्या घराला पंधरा लिटरच्या छत्तीस बादल्या झाल्या. आपल्या घरी किती भरतात ते उद्या सकाळी मोजा.

पण संहितेत न सापडणारी एक कसोटी आपली आहे, ती म्हणजे दिवसाची झोप. लोको पायलट रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी येतो. आर.एम.एस.चा सॉर्टर रात्रपाळी करून येतो. त्याला अंधार आणि शांतता हवी. जागतिक आरोग्य संघटनेने झोपण्याच्या खोलीत आवाज तीस डेसिबलच्या आत असावा असे १९९९ मध्ये सांगितले, तेही रात्रीच्या झोपेसाठी. आपल्या वसाहती असतात यार्डाला लागून. आणि त्याच खोलीत त्याच वेळी मुलाला अभ्यासाला उजेड हवा! एकाच खिडकीला नवरा उणे गुण देतो आणि मुलगा अधिक. आठ तास दोन्ही बाजूंनी झोपमोड झालेला माणूस संध्याकाळी पुन्हा इंजिनावर चढतो, तेव्हा हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या घराचा राहत नाही. सुरक्षिततेवर भाषणे देणाऱ्या साहेबांना हा रकाना दाखवलाच पाहिजे.

तसेच हवामानाचे. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. इथे जुन्या माणसांना पंखा माहीत नव्हता. भुसावळ-नागपूरला मे महिन्याची उष्णता हीच नकाराधिकाराची कसोटी होईल, रत्नागिरीला ओल होईल, इथे पाणी. साऱ्या देशाला एकच छापील तक्ता लावला तर तो कोठेच बसणार नाही.

वजने ठरवताना भांडणे होतील. होऊ द्या, पण रीतीने. अमेरिकेतले थॉमस सॅटी यांनी १९७० च्या दशकात एक युक्ती काढली. दहा गोष्टी एकदम तोलायला सांगितल्या तर माणूस गोंधळतो, पण दोन गोष्टींत कोणती मोठी हे तो लगेच सांगतो. म्हणून जोडीजोडीने विचारा. पाणी महत्त्वाचे की ओल? पाणी, दुप्पट. ओल की जागा? ओल, दुप्पट. मग पाणी की जागा? चौपट असे उत्तर आले तर माणूस आपल्या बोलण्याला धरून आहे. वजने झाली चारास दोनास एक, म्हणजे शंभरात सुमारे ५७, २९ आणि १४. आणि कोणी तिसऱ्या प्रश्नाला 'जागाच मोठी' म्हणाला, तर त्याला दाखवता येते की बाबा, तू आधी काय म्हणालास आणि आता काय म्हणतोस. सॅटी यांनी अशा विसंगतीचेही माप दिले आहे. आपल्या कार्यकारिणीच्या काही बैठकांना ते लावले तर काय निघेल, ते मी इथे बोलत नाही.

काही साथी म्हणतात, असे आकडे मांडले की प्रशासन आपल्याच आकड्यांत आपल्याला अडकवील. भीती खोटी नाही. मी स्वतः पाहिले आहे, साहेबाच्या हातात तक्ता आला की तो म्हणतो, तुमच्याच गुणांप्रमाणे ही इमारत ६.४ आहे, मग तक्रार कसली? म्हणून बेरीज कधीही एकटी देऊ नका. बेरजेशेजारी प्रत्येक कसोटीचा सर्वांत वाईट गुण लिहा आणि नकाराधिकाराची ओळ वर, ठळक. वजने कोणी ठरवली त्यांच्या सह्या खाली. पी.एन.एम. असो, टपालात जे.सी.एम. असो, कॉलनी केअर कमिटी असो, पहिला वाद वजनांवर घाला. साहेबांची वजने वेगळी असतील तर ती त्यांनी लिहून द्यावीत. जागेला पन्नास आणि पाण्याला दहा असे सहीनिशी लिहून देणारा अधिकारी मला अजून भेटलेला नाही.

मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. पंधरा लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागतात, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. उदबत्ती लावून खोलीच्या मध्यभागी धरा, धूर खिडकीकडे जातो की तिथेच घोटाळतो. दुपारी बाराला दिवा न लावता आंतर्देशीय पत्रावरचा पिनकोड वाचता येतो का. ओल भिंतीवर जमिनीपासून किती इंच चढली, पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. एका शाखेत एक पुरे, ते घरोघरी फिरवा.

गुण कोणी द्यायचे? घरात जी व्यक्ती सगळ्यात जास्त वेळ असते तिने. बहुतेक ठिकाणी ती बाई असेल, काही ठिकाणी सासू-सासरे. आपण नोकरीवरचे लोक घरी झोपायला येतो. सेक्रेटरीने फक्त तपासायचे आणि मोजायचे. भगिनींनो, तुम्ही मागे बसला आहात, पण हे काम तुमचे आहे.

तक्त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एका कुटुंबाला दोन घ्या. एक या आठवड्यात भरा. दुसरी भर पावसात, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, त्याच माणसाच्या हातून भरून घ्या आणि दोन्हींवर तारखा टाका. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती शाखेत आणून द्या, मी स्वतः बेरजा करायला बसणार आहे.